कागदावरचा आहार आणि पोटातला आहार : इंटर्नशिपच्या रोटेशनमध्ये काय शिकायचं

प्रश्न असा आहे: आहारशास्त्राचं शिक्षण झालं, हॉस्पिटलमधली इंटर्नशिप तोंडावर आली. किचन, जनरल वॉर्ड, आयसीयू, किडनी, लहान मुलं आणि समाज-आरोग्य अशी रोटेशन, म्हणजे एकेका विभागातल्या कामाच्या पाळ्या, लागणार आहेत. कुठे काय शिकायचं, तयारी काय करायची आणि इंटर्न चुकतात कुठे?

सगळ्या रोटेशनना धरून एक गोष्ट आधी सांगतो. डॉक्टरांनी लिहिलेला आहार, किचनने पाठवलेला आहार आणि पेशंटच्या पोटात गेलेला आहार हे तीन वेगवेगळे आकडे असतात. वर्गात फक्त पहिला शिकवतात. दुसरा आणि तिसरा स्वतः जाऊन मोजावा लागतो, आणि रोटेशन असतं ते याच्यासाठी. गरज १६०० किलोकॅलरी आहे हे काढायला दोन मिनिटं लागतात. काल पोटात ७०० गेल्या आणि का, हे काढायला अर्धा तास लागतो. हा अर्धा तास ज्याच्या अंगवळणी पडला, तो कुठल्याही वॉर्डात टाकला तरी काम करतो.

तासांचं गणित देशागणिक बदलतं. इंटरनॅशनल कॉन्फेडरेशन ऑफ डायटेटिक असोसिएशन्सच्या किमान मानकात देखरेखीखालचं ५०० तासांचं काम धरलं आहे. अमेरिकेत १००० तास लागतात. तास कितीही असोत, रोटेशनचा क्रम निवडायची मुभा असेल तर किचन आधी मागून घ्या. बहुतेक जण ते शेवटी ढकलतात, कारण तिथे स्टेथोस्कोपवाले कुणी दिसत नाहीत. पण ट्रे कसा भरला जातो, डाएट शीट (कुणाला कुठला आहार याची यादी) किती वाजता बंद होते, उशिरा आलेली ऑर्डर कुठे अडकते हे माहीत नसलेला इंटर्न वॉर्डात बसून असे आहार लिहितो, जे प्रत्यक्षात निघूच शकत नाहीत.

किचनमध्ये पहिल्या दिवशी एका ऑर्डरचा माग काढा. वॉर्डातून ती निघाली किती वाजता, कुणी नोंदवली, ट्रेवरच्या चिठ्ठीवर काय उतरलं, ट्रे लाईनवर कुणी तपासलं, ट्रॉली वॉर्डात पोहोचली कधी आणि पेशंटच्या पुढ्यात ताट आलं कधी. यातल्या शेवटच्या दोन वेळांत वीस मिनिटांचं अंतर असेल तर ते टिपून ठेवा. जेवणाआधी पंधरा मिनिटं द्यायचं जलद इन्शुलिन ठरल्या वेळी दिलं गेलं आणि ताट उशिरा आलं, की साखर खाली येते. वॉर्डात ही घटना ‘पेशंट नीट खात नाही’ म्हणून नोंदली जाते. मूळ असतं वॉर्डात येऊन थांबून राहिलेल्या ट्रॉलीत.

प्रमाण वाढवण्याचं गणित सोपं वाटतं आणि इथेच घोडं पेंड खातं. समजा १०० जणांना प्रत्येकी १२० ग्रॅम सोललेला बटाटा लागतो, म्हणजे १२ किलो. सोलताना २० टक्के जातो. नवखा माणूस १२ किलोवर २० टक्के चढवतो आणि १४.४ किलो मागवतो. पण घट होते ती कच्च्या मालाच्या वजनावर. १४.४ किलोचे सोलून ११.५२ किलो उरतात, म्हणजे ९६ वाढपं. चार पेशंट उपाशी. बरोबर रीत म्हणजे १२ भागिले ०.८, म्हणजे १५ किलो. मीठ, मसाला आणि पाणी मात्र असं सरळ पटीत वाढवू नका. मोठ्या पातेल्यात पदार्थाच्या मानाने उघडा पृष्ठभाग कमी असतो, वाफ कमी जाते, त्यामुळे दहापट सूपला दहापट पाणी घातलं तर सूप पातळ होतं. प्रमाणित कृतीत आधी थोडं कमी घालून, चाखून, अंतिम आकडा लिहून ठेवायचा असतो, आणि पुढच्या वेळी तोच वापरायचा.

तापमानाचे आकडे तोंडपाठ हवेत: ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. शिजलेलं अन्न थंड करायचं तर ६० वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत. चिकनच्या आतलं तापमान ७४ अंश, पुन्हा गरम करताना तेवढंच. बिघडतं ते बहुतेक पहिल्या दोन तासांत, कारण खोल पातेलं तसंच्या तसं फ्रिजमध्ये ढकललं जातं. वरचा थर गार लागतो, मधला तासन्‌तास कोमट राहतो. पदार्थ उथळ ट्रेमध्ये पसरून ठेवला की हा प्रश्न मिटतो. थर्मामीटर मधोमध खुपसायचा, कडेला नाही. आणि रोज बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का ते बघायचं. नोंदवहीत दहा दिवस ओळीने अगदी एकच आकडा दिसला, तर समजावं की कुणीतरी पाट्या टाकतंय.

गिळण्याचा त्रास असलेल्यांच्या अन्नाला किचनमध्ये निदान दोन पूर्ण दिवस द्या. पेय किती दाट आणि अन्न किती मऊ हे ठरवणारी ‘इड्सी’ची ० ते ७ पायऱ्यांची आंतरराष्ट्रीय पट्टी आता पुष्कळ ठिकाणी चालते. द्रवाची तपासणी अशी: शून्यापासून दहाच्या खुणेपर्यंत ६१.५ मिलिमीटर लांबीची १० मिलीची सिरिंज घ्या, दांडा काढा, तोंड बोटाने बंद करून १० मिली भरा, बोट सोडा आणि बरोबर दहा सेकंदांनी पुन्हा दाबा. आत १ ते ४ मिली उरलं तर पायरी १, ४ ते ८ उरलं तर पायरी २, ८ च्या वर उरलं तर पायरी ३. काहीच वाहिलं नाही तर चमचा तिरका करून आणि काट्यावरून गळतं का ते बघायचं. सगळ्या दहा मिलीच्या सिरिंजची लांबी सारखी नसते. वेगळी सिरिंज घेतली की निकाल चुकतो. मोठ्यांसाठी पायरी ५ चे तुकडे ४ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे काट्याच्या दोन दातांमधली फट. पायरी ६ चे दीड सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे अंगठ्याच्या नखाची रुंदी.

चूक होते ती वेळेत. स्टार्चने घट्ट केलेलं पेय किचनमध्ये पायरी २ असतं, अर्ध्या तासाने वॉर्डात पायरी ३ होतं. उलट उष्टा चमचा परत कपात घातला की लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडतं आणि पेय पातळ होतं. झँथन गम या घट्ट करणाऱ्या दुसऱ्या पदार्थावर त्याचा परिणाम होत नाही. म्हणून तपासणी करायची ती पेशंटपर्यंत पोहोचायला लागणाऱ्या वेळानंतर आणि प्यायच्या तापमानाला. आइस्क्रीम घट्ट दिसतं म्हणून चालेल असं वाटतं, पण तोंडात वितळून ते पातळ द्रवच होतं.

आता जनरल वॉर्ड. सर्वांत जास्त शिकण्यासारखं इथेच असतं, आणि ‘सगळे साधेच पेशंट आहेत’ म्हणून सर्वांत जास्त वायाही इथेच जातं.

पेशंटकडे जायच्या आधी फाइल वाचा: कशासाठी दाखल, आधीची वजनं, तपासण्यांचे आकडे, औषधं, तोंडाने काय चालू आहे, आणि किती वेळा एनबीएम (तोंडाने काहीच द्यायचं नाही) ठेवलं. शेवटची गोष्ट फाइलमध्ये एका जागी सापडत नाही. सिस्टरच्या नोंदी उलगडून काढावी लागते. शस्त्रक्रिया पुढे ढकलली, तपासणी राहिली, असं करत पेशंट तीन दिवसांत मिळून चाळीस तास उपाशी राहिलेला असतो आणि कागदावर मात्र ‘नॉर्मल डाएट’ असतं.

वजनापुढे नेहमी एक शब्द लिहा: मोजलेलं, सांगितलेलं की अंदाजाने. सूज असेल तर तेही. टक्के काढताना भागायचं ते नेहमीच्या वजनाने. ६४ किलोचा माणूस ५७ वर आला तर ७ भागिले ६४, म्हणजे १०.९ टक्के घट. ५७ ने भागलं तर १२.३ येतात आणि राउंडला कुणीतरी पकडतंच. कुपोषण ओळखण्याच्या ‘ग्लिम’ या आंतरराष्ट्रीय निकषांत सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त घट हा कुपोषणाचा एक शारीरिक निकष धरला आहे, पण त्याच्या जोडीला कारणाचा एक निकष लागतो: खाणं कमी होणं, शोषण बिघडणं किंवा दाह असलेला आजार. एकट्या वजनावर शिक्का मारायचा नाही.

अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रोटीनबद्दल थोडं तिरकस लिहितो, कारण ही सवय काही केल्या जात नाही. अल्ब्युमिनचं अर्धायुष्य सुमारे वीस दिवसांचं. अंगात दाह असला की यकृत ते कमी बनवतं आणि ते रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं. जंतुसंसर्ग झालेल्या पेशंटचं अल्ब्युमिन २.४ आलं तर पेशंट गंभीर आजारी आहे एवढंच कळतं. त्यावरून ‘प्रोटीन वाढवा’ असं लिहिणं म्हणजे तापमापक बघून जेवण ठरवणं. शेजारी सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) किती आहे ते बघा, आणि मग हाताने स्नायू तपासा.

ती शारीरिक तपासणी पुस्तकातून येत नाही, हात बसावा लागतो. कानशिलाचा खळगा, गळ्याची हाडं, खांद्याचा कोपरा, अंगठा आणि तर्जनीमधला स्नायू, मांडीचा पुढचा भाग, या क्रमाने वरून खाली जा. शक्य असेल तर पेशंटला बसवा. झोपलेल्या माणसाचे स्नायू पसरतात आणि गळ्याची हाडं वेगळी दिसतात. अंगठा-तर्जनी जुळवून दाबायला सांगा, निरोगी स्नायू फुगून वर येतो. दंडामागची चरबी चिमटीत धरताना स्नायू सोडून फक्त त्वचा आणि चरबी धरा. दोन्ही बाजू बघा, कारण लकव्यानंतर एकाच बाजूचा स्नायू झडतो आणि त्याचं कारण खाणं नसतं. पहिल्या पंधरा पेशंटना तुम्ही आणि तुमच्या सीनियरने वेगवेगळं तपासून मग निष्कर्ष ताडून बघावेत. ‘मध्यम’ आणि ‘तीव्र’ यांतली रेषा अशीच डोळ्यात बसते.

नोंद लिहिण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी तपासणी, निदान, उपाय, पाठपुरावा अशी असते. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ मध्ये स्वीकारलेली ही चौकट आता सर्वत्र पसरली आहे. अडतं ते निदानाच्या वाक्यावर. ‘कुपोषण, कॅन्सरमुळे, अल्ब्युमिन २.४ वरून’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण कॅन्सर तुम्ही बरा करणार नाही आणि अल्ब्युमिन तुमच्या उपायाने हलणार नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘तोंडावाटे ऊर्जा अपुरी, कारण केमोनंतर तोंड आल्याने घन अन्न चावता-गिळता येत नाही, पुरावा तीन दिवसांच्या नोंदीत सरासरी ७०० किलोकॅलरी, गरज १६००, आठ दिवसांत २ किलो घट.’ आता उपाय आपोआप सुचतो: अन्नाचा पोत बदला, जेवणाआधी तोंडाला बधिरता आणणारं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि पाठपुराव्यात काय बघायचं तेही पुराव्याच्या भागात आलंच. वाक्य लिहून झालं की स्वतःला विचारा, कारणाच्या जागी जे लिहिलं त्यावर आपला उपाय पडतो का? नसेल पडत तर वाक्य मोडून परत लिहा.

पूरक पेय लिहिणं सोपं असतं, ते प्यायलं जाणं अवघड. उशाशी न उघडलेल्या तीन बाटल्या दिसल्या की चौथी लिहू नका. २ किलोकॅलरी प्रति मिलीचं पेय ६० मिलीच्या मापाने दिवसातून चार वेळा औषधांसोबत सिस्टरच्या हातून दिलं तर २४० मिलीत ४८० किलोकॅलरी जातात, आणि किती गेलं याची सही औषधाच्या तक्त्यावर मिळते. तेवढंच पेय ट्रेवर आलं की सुपानंतर पोट भरलेलं असतं.

आयसीयूला जाताना घाबरायला होतं, पण इथलं गणित वॉर्डापेक्षा सरळ आहे, कारण जे जातं ते मिलीमध्ये मोजलेलं असतं. क्रम असा ठेवा: रक्तदाब स्थिर आहे का आणि त्यासाठीची औषधं वाढताहेत की घटताहेत, आतडं वापरता येईल का, नळीचं टोक कुठे आहे, रीफीडिंगचा (उपाशी राहिलेल्याला एकदम अन्न दिल्यावर रक्तातले क्षार घसरण्याचा) धोका आहे का, आणि मग गरज. नळीतून अन्न सुरू करायचं ते साधारणपणे २४ ते ४८ तासांत.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. वजन ६० किलो, उद्दिष्ट २५ किलोकॅलरी प्रति किलो म्हणजे १५०० किलोकॅलरी, प्रोटीन १.२ ग्रॅम प्रति किलो म्हणजे ७२ ग्रॅम. हातात १.५ किलोकॅलरी प्रति मिलीचा फॉर्म्युला (नळीतून द्यायचं तयार पातळ अन्न), लिटरमागे ६० ग्रॅम प्रोटीनचा. तर दिवसाला १००० मिली, तासाला ४२ मिली. इथे इंटर्न थांबतो. पण पेशंटला प्रोपोफॉल हे गुंगीचं औषध चालू आहे, तासाला १५ मिली. ते १० टक्के चरबीच्या द्रवात असतं, मिलीला १.१ किलोकॅलरी, दिवसाचे ३६० मिली, म्हणजे ३९६ किलोकॅलरी नुसत्या औषधातून. ते वजा केलं तर फॉर्म्युला ७३६ मिलीवर येतो. ऊर्जेचा हिशोब जुळला, पण प्रोटीन ४४ ग्रॅमवर घसरलं. २८ ग्रॅमची तूट. म्हणजे जास्त प्रोटीनचा फॉर्म्युला घ्या किंवा प्रोटीन पावडर वेगळी द्या. आणि प्रोपोफॉल ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी हा सगळा हिशोब उलटा फिरवा. ते विसरलं की पेशंट आठवडाभर अर्धपोटी राहतो.

आता काल प्रत्यक्ष किती गेलं? स्कॅन, फिजिओथेरपी, नळीतली औषधं, अंग पुसणं यासाठी पंप थांबतो. ४२ मिलीचा वेग सतरा तासच चालला तर ७१४ मिली गेले, म्हणजे ठरलेल्याच्या ७१ टक्के. रोज सकाळी आधी हा आकडा लिहा, गरजेचा नंतर. पुष्कळ युनिटमध्ये तासाचा वेग न लिहिता दिवसाचं एकूण प्रमाण लिहितात आणि बंद राहिलेले तास पुढच्या तासांत भरून काढायची मुभा सिस्टरना देतात. तुमच्या युनिटमध्ये तसं असेल तर वरचा वेग किती चालतो ते विचारून घ्या.

पाण्याचा हिशोब सुटतो तो असा: १.५ किलोकॅलरीच्या फॉर्म्युल्यात पाणी सुमारे ७६ टक्केच असतं. १००० मिलीत ७६० मिली. पेशंटला १७०० लागत असेल आणि सलाईन बंद झालं असेल, तर उरलेले ९४० मिली दर चार तासांनी साधारण १५५ मिली असे नळीतून घालावे लागतात. आयसीयूतून वॉर्डात हलवताना सलाईन काढतात, फॉर्म्युला तोच राहतो, पाणी कुणी वाढवत नाही, आणि तीन दिवसांनी सोडियम वर गेलेलं दिसतं.

जुलाब झाले की सगळ्यांचा पहिला संशय फॉर्म्युल्यावर. तुम्ही आधी औषधांची यादी बघा. गोळ्या नळीतून जात नाहीत म्हणून पातळ औषधं देतात, आणि त्यांत पुष्कळदा सॉर्बिटॉल हा जुलाब घडवणारा गोड पदार्थ असतो. त्यानंतर अँटिबायोटिक, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जंतूची तपासणी, उघड्या बाटलीतला फॉर्म्युला किती तास टांगलेला होता हे. पावडर कालवून केलेला फॉर्म्युला चार तासांच्या वर टांगू नये. पोटात उरलेल्या द्रवाच्या आकड्यावरून फीड बंद करायची घाईही नको. अमेरिकेतल्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना ५०० मिलीच्या खाली, दुसरं काही लक्षण नसताना, फीड थांबवू नका असंच सांगतात. पलंगाची उशाची बाजू ३० ते ४५ अंश वर आहे ना, हे मात्र प्रत्येक फेरीत डोळ्यांनी बघा.

रीफीडिंगसाठी डोळ्यांत तेल घालून बघायची गोष्ट म्हणजे सलाईनची बाटली. समजा ४२ किलोचा पेशंट, दहा दिवस जवळपास काही खाल्लेलं नाही. अमेरिकी संघटना ‘एस्पेन’च्या २०२० च्या सूचनेप्रमाणे पहिल्या २४ तासांत १० ते २० किलोकॅलरी प्रति किलो, म्हणजे ४२० ते ८४०. इंटर्न ४२० चं फीड लिहितो आणि निर्धास्त होतो. पण ५ टक्के डेक्स्ट्रोज तासाला १०० मिलीने चालू आहे: दिवसाला १२० ग्रॅम साखर, ३.४ ने गुणून ४०८ किलोकॅलरी. दोन्ही मिळून ८२८, पट्ट्याच्या वरच्या टोकाला. फीड सुरू होण्याआधी १०० मिलिग्रॅम थायमिन (बी१ जीवनसत्त्व) द्यायचं; फॉस्फेट-पोटॅशियम-मॅग्नेशियम आधी तपासायचं आणि धोका जास्त असेल तर पहिले तीन दिवस दर १२ तासांनी. आणि ते फार खाली असतील तर आधी भरून काढायचे, मग पुढे सरकायचं. फीड सुरू व्हायच्या आधीचं फॉस्फेट नॉर्मल आलं म्हणून गाफील राहू नका. ते घसरतं फीड सुरू झाल्यावर.

शिरेतून पोषणाच्या पिशव्या लिहायला मिळाल्या तर ग्लुकोजचा वेग स्वतः काढा. ६० किलोला दिवसाला २५० ग्रॅम: २,५०,००० भागिले (६० गुणिले १४४०), म्हणजे २.९ मिलिग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. ४ ते ५ च्या वर जायला लागलं की साखर आणि यकृत दोन्ही तक्रार करतात.

किडनीच्या रोटेशनचा गाभा एकाच प्रश्नात आहे: हा पेशंट डायलिसिसच्या अलीकडे आहे की पलीकडे? ६० किलोच्या, मधुमेह नसलेल्या पेशंटला डायलिसिसच्या आधी ०.५५ ते ०.६ ग्रॅम प्रति किलो, म्हणजे ३३ ते ३६ ग्रॅम प्रोटीन. डायलिसिस सुरू झालं की १.० ते १.२, म्हणजे ६० ते ७२. एका दिवसात प्रोटीन दुप्पट होतं आणि जुनं डाएट शीट बदललं जात नाही. पेशंटही ‘किडनीला प्रोटीन वाईट’ हे डोक्यात घट्ट धरून बसलेला असतो, त्यामुळे नुसतं शीट बदलून भागत नाही. पोटॅशियम ६ आलं की फळं बंद करायच्या आधी नमुन्यातल्या पेशी फुटल्या होत्या का, बद्धकोष्ठ आहे का, साखर वाढली आहे का, औषधं कुठली, आणि ‘कमी सोडियमचं मीठ’ वापरलं जातंय का ते विचारा. ते मीठ पुष्कळदा पोटॅशियम क्लोराइडच असतं. फॉस्फेट वाढलं तर आधी बाइंडरच्या (जेवणातला फॉस्फेट बांधून ठेवणाऱ्या) गोळ्या कधी घेता ते विचारा. जेवणानंतर तासाभराने घेतलेली गोळी वाया गेली. तयार पदार्थांत घातलेला फॉस्फेट जवळपास सगळा शोषला जातो, वनस्पतींतला बराच कमी, म्हणून पाकिटामागची यादी वाचायला शिकवणं हे डाळी बंद करण्यापेक्षा कामाचं.

मुलांच्या वॉर्डात मोजमाप हेच अर्धं काम. बाळाचं वजन कपडे आणि लंगोट काढून. दोन वर्षांपर्यंत आडवं ठेवून लांबी, पुढे उभं करून उंची. दोन वर्षांच्या पुढच्या मुलाची आडवी लांबी घेतली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर मांडताना ०.७ सेंटिमीटर वजा करायचे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय दुरुस्त करून धरायचं: तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं सहा महिन्यांचं बाळ तक्त्यावर साधारण पावणेचार महिन्यांचं. हे विसरलं की व्यवस्थित वाढणारं मूल खुरटलेलं दिसतं. आई-वडिलांना दूध पावडर कशी कालवता ते सांगायला लावू नका, करून दाखवायला लावा. आधी पाणी, मग सपाट चमचा. उलट केलं किंवा चमचा शिगोशीग भरला की दूध दाट होतं.

समाज-आरोग्याचं रोटेशन अनेकांना सुट्टीसारखं वाटतं. इथे एकच गोष्ट नीट शिका: २४ तासांच्या आहाराची आठवण काढणं. पहिल्या फेरीत मध्ये न तोडता सगळं बोलू द्या, मग विसरलेले पदार्थ, मग वेळ आणि निमित्त, मग प्रमाण आणि कृती, शेवटी पुन्हा एकदा उजळणी. ‘नाश्त्याला काय खाल्लं’ असं विचारू नका, कारण त्यात नाश्ता झालाच असं गृहीत आहे; ‘उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय गेलं’ असं विचारा. आणि चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. एकदा भुवई उंचावली की पुढचं सगळं खाणं आदर्श होतं.

कामाचा बोजा कसा वाढवावा याबद्दल: पहिल्या आठवड्यात दिवसाला एक-दोन पेशंट, पण पूर्ण, तिसऱ्या-चौथ्यात चार-पाच, शेवटी वॉर्ड एकट्याने सांभाळायच्या आठवड्यात आठ-दहा. सुरुवातीलाच आठ घेतले तर नोंदी एकमेकींच्या नकला होतात. राउंडला तुमचं म्हणणं मिनिटात संपलं पाहिजे: कोण, काल गरजेच्या किती टक्के गेलं, अडथळा काय, तुम्हाला डॉक्टरांकडून नेमकं काय हवं आहे. मागणी पहिल्या वाक्यात आली तरी चालेल. तुमच्या नोंदीवर सीनियरची सही होईपर्यंत पेशंटला किंवा नातेवाइकांना काही कबूल करू नका. ‘उद्यापासून नळी काढतील’ हे तुमच्या तोंडून गेलेलं वाक्य निस्तरायला दुसऱ्या कुणाला तरी दोन दिवस लागतात.

‘माझं काम कसं चाललंय?’ असं विचारलं तर ‘छान’ असंच उत्तर येतं. त्याऐवजी एक नोंद पुढे करा आणि विचारा, यात तुम्ही असता तर कुठलं वाक्य बदललं असतं? रोटेशनच्या अर्ध्यावरच्या मूल्यमापनाची वाट बघू नका, आणि कौशल्यांच्या तक्त्यावरच्या सह्या दर शुक्रवारी घ्या. शेवटच्या दिवशी एकदम चाळीस सह्या मागितल्या तर कुणाला काही आठवत नाही, आणि सही नसलेलं काम केलेलं धरत नाहीत.

वॉर्ड सोडताना शेवटच्या दुपारी एक पान लिहून पुढच्या माणसाला द्या: कुणाच्या तपासणीचा आकडा यायचा आहे, कुणाचं फीड कुठल्या वेगापर्यंत वाढवायचं राहिलं आहे, कुणाचं प्रोपोफॉल बंद होणार आहे, आणि पूरक पेय कोण पीत नाही.